मालिशच्या तेलाचा हिशेब

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षे गेली. पिपेटमधील द्रवाची पातळी डोळ्यांच्या रेषेत आल्याशिवाय वहीत आकडा लिहायचा नाही, ही शिस्त तेथे अंगात मुरली, असा माझा समज होता. तो समज निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात खोटा ठरला. आईच्या गुडघ्यांसाठी घरीच मालिशचे तेल करावे असे मनात आले आणि मी पन्नास मिलिलिटर तिळाच्या तेलात गवती चहाच्या तेलाचे साठ थेंब मोजमापाचा काहीही विचार न करता टाकले. बाटली करंगळीएवढी होती, वास सुरेख होता, आणि गवती चहा तर आपण रोज सकाळी पितोच, मग त्याचे भय कसले, असा तो साधा हिशेब होता.

आधी स्वतःच्या हातांना लावून पाहिले, एवढे एक शहाणपण सुचले. अर्ध्या तासात कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी लाल झाली आणि चुरचुरू लागली. ते पाहून आई म्हणाली, "अरे, मिरचीचं तेल केलंस की काय?" मी घाईने हात नळाखाली धरले, ही दुसरी चूक झाली, कारण तेल पाण्याने निघत नाही. कोरड्या कापसाने ते टिपून घ्यावे, नुसत्या खोबरेल तेलाचा बोळा फिरवून उरलेले उचलावे आणि मग सौम्य साबणाने धुवावे, हे नंतर समजले. लाली दुसऱ्या दिवशी गेली. डोळ्यांत असे तेल गेले किंवा त्वचेवर फोड आले, तर मात्र घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडेच जावे.

संध्याकाळी वही घेऊन बसलो, तेव्हा आकडेच बोलू लागले. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर साठ थेंबांचे तीन मिलिलिटर होतात, म्हणजे पन्नास मिलिलिटरमध्ये जवळजवळ सहा टक्के. गवती चहाच्या तेलात सिट्रल नावाचा घटक सत्तर ते ऐंशी टक्के असतो आणि लिंबासारखा तो तीव्र वास त्याचाच असतो. त्वचेला चुरचुर लावणारा आणि काहींना ॲलर्जी देणारा घटकही तोच. म्हणून त्वचेवर वापरायच्या तेलात गवती चहाचे प्रमाण ०.७ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये, असे या विषयातील जाणकार सांगतात. मी त्या मर्यादेच्या आठपटींहून पुढे गेलो होतो. प्रयोगशाळेत कोणा नवख्याने असे केले असते, तर मी त्याला दिवसभर उभे केले असते.

या प्रकारात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकत्र येतात आणि दोघींनाही आपण 'तेल' हाच एक शब्द वापरतो, घोळाचे मूळ तेथेच आहे. पहिले ते बियांतून किंवा खोबऱ्यातून दाबून काढलेले स्निग्ध तेल. तीळ, खोबरे, बदाम, करडई, मोहरी, द्राक्षाच्या बिया यांची तेले या गटात येतात. इंग्रजी शब्दाच्या वळणाने त्याला वाहक तेल म्हणतात, मी त्याला मूळ तेल म्हणतो, कारण मालिशचे खरे काम तेच करते. दुसरे म्हणजे बाजारात इसेन्शियल ऑइल म्हणून मिळणारे बाष्पनशील तेल. पाने, फुले, मुळे किंवा साली यांतून वाफ सोडून, ती वाफ थंड करून पाण्यावर तरंगणारा हा अर्क वेगळा काढतात. त्यात स्निग्धपणा नसतो, तो हवेत उडून जातो आणि एका थेंबात पानांचा केवढा तरी मोठा ढीग आटलेला असतो. एक किलो गुलाबाचे तेल मिळवायला तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. मोगलाईत ज्या शहराला गुलशनाबाद म्हणत, त्या शहरात राहून मला हा आकडा साठाव्या वर्षी कळावा, याची थोडी लाज वाटली.

गवती चहाची दोन पाने कपभर पाण्यात उकळणे आणि त्याचा अर्क अंगाला लावणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, हे एकदा पटले की बाकीचे सगळे सोपे होते. फोडणीत हिंग जसा चिमटीने पडतो, तसा हा अर्क तेलात पडला पाहिजे.

मूळ तेलाची निवड हा मला सर्वांत रस वाटणारा भाग आहे. मालिशसाठी तिळाच्या तेलाला मी पहिला मान देतो, आणि तो केवळ आयुर्वेदातील अभ्यंगाच्या परंपरेमुळे नव्हे. तिळाच्या तेलात सेसॅमॉलसारखे नैसर्गिक घटक असतात, ते तेलाला हवेतील ऑक्सिजनपासून जपतात, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही. नाशकात अलीकडे लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत, तेथून न भाजलेल्या तिळाचे तेल आणावे, दोन-तीन दिवस बाटली न हलवता गाळ बसू द्यावा आणि वरचे नितळ तेल वापरावे. भाजलेल्या तिळाच्या तेलाचा वास चांगला असला, तरी तो कोणत्याही सुगंधावर मात करतो आणि अंगाला चटणीचा वास येतो.

खोबरेल तेल सगळ्यांच्या घरी असतेच, पण ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. मुंबईकरांना हे क्वचितच जाणवत असेल. निफाडच्या पारा उतरण्याच्या बातम्या दरवर्षी वर्तमानपत्रात येतात, त्या काळात नाशकातल्या घरातील खोबरेलाची बाटली पांढरी फटक होते. गोठलेल्या तेलात बाष्पनशील तेल घातले, तर ते सगळीकडे सारखे मिसळत नाही, एखाद्याच थरात साचून राहते आणि तो थर ज्याच्या वाट्याला येईल त्याची कातडी भाजते. म्हणून खोबरेल उन्हाळ्यासाठी आणि तीळ थंडीसाठी, अशी वाटणी मी केली आहे. मोहरीचे तेल उत्तरेत मालिशला आवडीने वापरतात. ते अंगाला ऊब देते, पण ही ऊब मोहरीतील तिखट द्रव्याची असते, त्यामुळे नाजूक त्वचेला आणि तान्ह्या मुलांना मी ते लावणार नाही. एरंडेल फार चिकट असते. शंभरात दहा-पंधरा मिलिलिटर घातले, तर तेल हातावर जास्त वेळ टिकते, त्याहून अधिक घातले की पांघरूण पायाला चिकटते.

द्राक्षाच्या बियांच्या तेलावरून आमच्या घरी एक छोटा वाद झाला. आईचे म्हणणे असे, की ज्या जिल्ह्यात पिंपळगाव, दिंडोरीपासून निफाडपर्यंत नुसत्या द्राक्षबागा आहेत, तेथल्या माणसाने हे तेल बाटलीत विकत का आणावे. मलाही क्षणभर ते पटले. नंतर लक्षात आले, की आपण मार्चमध्ये किलोने आणून खातो ती थॉम्सन जातीची द्राक्षे बिनबियांची, त्यांच्यापासून तेल कोठून निघणार? बिया असतात त्या वाइनच्या जातींत, कॅबर्ने सोव्हिन्यॉ किंवा शेनिन ब्लां यांसारख्या. रस काढून झाल्यावर जो चोथा उरतो, त्यातल्या बिया वेगळ्या करून, वाळवून, दाबून हे तेल काढावे लागते, ते स्वयंपाकघरातले काम नव्हे. तेल मात्र गुणी आहे. हलके, जवळजवळ बिनवासाचे आणि त्वचेत पटकन जिरणारे. त्यात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्यामुळेच ते तिळाच्या तेलापेक्षा लवकर खवट होते. मी ते शंभर मिलिलिटरच्या वर कधीच आणत नाही.

बाष्पनशील तेलांच्या खरेदीत मी एकदा फसलो आहे. शहरातल्या एका दुकानात 'लव्हेंडर' म्हणून घेतलेल्या बाटलीतला वास आठ दिवस रुमालावरून हटेना. खरे लव्हेंडर एवढे टिकत नाही, तो कृत्रिम सेंट होता. तेव्हापासून दोन-तीन गोष्टी पाहतो. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव असले पाहिजे, लव्हेंडरच्या बाबतीत लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया. त्याच्याच संकरातून झालेल्या लव्हेंडिन या स्वस्त प्रकारात कापराचा अंश जास्त असतो आणि तो लव्हेंडर म्हणून सहज खपवला जातो. जम्मूच्या भदरवाह भागात आता लव्हेंडरची शेती चांगली रुजली आहे, त्यामुळे देशी तेलही मिळते. दुसरे म्हणजे, एकाच दुकानात गुलाब, चंदन आणि निलगिरी यांच्या बाटल्या एकाच भावाने मांडलेल्या असतील, तर तेथून काहीही घेऊ नये. तिसरी परीक्षा घरातली आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवावा, निलगिरी किंवा लव्हेंडरचा थेंब जवळजवळ डाग न ठेवता उडून जातो. तेलकट पारदर्शक डाग राहिला, तर त्यात स्निग्ध तेल मिसळलेले आहे असे समजावे. ही परीक्षा वाळ्याच्या तेलाला मात्र लागू होत नाही, कारण ते मुळातच दाट असते आणि फार सावकाश उडते.

आता मोजमाप. धडधाकट प्रौढ माणसाच्या अंगाला लावायचे तेल दोन टक्क्यांचे असावे, म्हणजे शंभर मिलिलिटर मूळ तेलात सगळी बाष्पनशील तेले मिळून दोन मिलिलिटर. प्रत्येकाची दोन नव्हे, सगळ्यांची मिळून दोन, हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या भाच्याने नेमका तोच घोटाळा केला होता. वृद्ध माणसे, नाजूक त्वचा आणि चेहरा यांना एक टक्का पुरे होतो. तान्ह्या बाळाला यातले काहीही नको, त्याला नुसते साधे तेल. थेंबांवर मी आता विसंबत नाही. औषधांच्या दुकानातून एक मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज आणली आणि प्रत्येक बाटलीचे थेंब मोजून पाहिले, तेव्हा निलगिरीचे एका मिलिलिटरला तेहतीस थेंब भरले आणि वाळ्याचे अठरा. बाटलीच्या तोंडातले प्लॅस्टिकचे बूच आणि तेलाचा दाटपणा यांवर थेंबाचा आकार ठरतो. 'दहा थेंब घाला' असे सांगणारी कृती म्हणूनच मला 'चवीपुरते मीठ' याच जातीची वाटते, फरक एवढाच की मीठ जास्त झाले तर अंगावर पुरळ येत नाही.

कोणाला काय चालत नाही, याची यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. आई रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते, त्यामुळे विंटरग्रीनचे तेल आमच्या घरात येत नाही. त्या तेलात जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेटच असते, ते ॲस्पिरिनच्या कुळातले आणि त्वचेतून आत जाते. दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या बाजारी मलमांतला तो ओळखीचा वास याच द्रव्याचा. लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ निलगिरी, पुदिना आणि कापूर नेऊ नये, त्यांचा श्वास अडू शकतो, आणि कापूर पोटात गेला तर आकडी येते. आपल्याकडे खोबरेलात कापराची वडी विरघळवून मुलांच्या छातीला चोळण्याची पद्धत आहे, मीही ती मुलांच्या बाबतीत केली होती, आज करणार नाही. फेफऱ्याचा त्रास असलेल्यांनी कापूर आणि निलगिरी टाळावी, गरोदर स्त्रियांनी आणि दमा असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडतात. लवंगेच्या तेलातील युजेनॉल प्रखर असते, त्यामुळे त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आतच ठेवावे, आणि दालचिनीच्या सालीच्या तेलाच्या वाटेला तर हौशी माणसाने जाऊच नये. घरात मांजर असेल तर तेल लावलेले पाय तिला चाटू देऊ नयेत, आईच्या मांडीवरून आमच्या मनीला उठवणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे.

नवे तेल झाले, की त्याचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस, शक्य तर दोन दिवस वाट पाहायची, हा नियम त्या पहिल्या प्रकारानंतर मी मोडलेला नाही.

आईच्या गुडघ्यांचे सध्याचे तेल असे आहे. नव्वद मिलिलिटर तिळाचे तेल, दहा मिलिलिटर एरंडेल, त्यात लव्हेंडर अर्धा मिलिलिटर, आल्याचे तेल ०.३ आणि वाळ्याचे ०.२, एकूण एक टक्का. लावण्यापूर्वी वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करतो, गॅसवर ठेवत नाही, कारण आच लागली की सुगंध आधी उडतो. या तेलाने गुडघ्याची झीज भरून येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. चोळण्याने आलेली ऊब आणि वासाने लागलेली झोप एवढेच त्याचे काम, आणि तेवढे ते करते. तिचा आग्रह हाताच्या गतीवर असतो. "नुसतं चोपडू नकोस, जिरव," असे ती दोनदा तरी म्हणते. सांध्यावर गोल आणि लांब हाडांवर उभा हात फिरवायचा, हे तिने तिच्या आजीकडून घेतले. मालिश झाल्यावर तळपाय कोरड्या फडक्याने पुसतो आणि मगच तिला उठू देतो. न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर तेलकट पायाने घसरणे हा या सगळ्यातला खरा धोका आहे, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही.

पत्नी शिक्षिका आहे, दिवसभर उभी असते. तिच्या पोटऱ्यांसाठी शंभर मिलिलिटर द्राक्षबियांच्या तेलात लव्हेंडर एक मिलिलिटर आणि रोशा गवताचे तेल एक मिलिलिटर, असे दोन टक्क्यांचे तेल करतो. रोशा गवताला बाजारात पामारोसा म्हणतात. आपल्या शेजारच्या खानदेशात हे गवत रानोमाळ वाढायचे आणि त्याचे तेल काढण्याचा धंदा तेथे जुना आहे. वास गुलाबाच्या जवळचा, किंमत मात्र गवताची. मला स्वतःला ते गुलाबापेक्षाही आवडते, त्यात गोडपणाबरोबर ओल्या मातीचा थोडा हिरवा वास असतो.

मोगऱ्याचा एक फसलेला प्रयोगही सांगायला हवा. एप्रिलमध्ये फुलबाजारातून पाव किलो कळ्या आणून खोबरेलात बुडवून ठेवल्या. सहाव्या दिवशी बरणीत बुरशी आली आणि वास आंबूस झाला. कळ्यांतले पाणी तेलात उतरले, दुसरे काही नाही. मोगऱ्याचा नाजूक वास वाफेलाही टिकत नाही, म्हणून त्याचा अर्क द्रावक वापरून काढतात. आपल्या पूर्वजांनी मात्र फार चतुर वाट काढली होती. ते धुतलेल्या, सालकाढल्या तिळांवर ताज्या फुलांचे थर देत, कोमेजलेली फुले काढून पुन्हा नवी पसरत, आणि वास शोषलेले ते तीळ घाण्यात घालत. त्यातून निघे ते फुलेल. घरी कोणी केले असेल, तर मला पाहायला आवडेल, माझ्याकडे घाणा नाही.

दिवाळीच्या तेलाला मी बाष्पनशील तेले वापरत नाही. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगासाठी रविवार कारंजाच्या बाजूला काष्ठौषधींच्या दुकानातून नागरमोथा, वाळा, कपूरकचरी आणि आंबेहळद आणतो. आयुर्वेदातील तैलपाकाचे प्रमाण ठरलेले आहे : वाटलेल्या औषधीचा कल्क एक भाग, तेल चार भाग आणि पाणी किंवा काढा सोळा भाग. मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत ढवळत राहावे लागते. तेल तयार होत आले की वर फेस येतो, तुपाच्या बाबतीत उलट असते, तेथे फेस निवतो. कल्काची बोटांत वात वळता आली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, तर पाण्याचा अंश गेला असे समजायचे. ओलावा मोजण्याचे यंत्र मी अर्धे आयुष्य चालवले, पण ती वात विस्तवावर निमूटपणे जळताना पाहण्यात जी खात्री वाटते, ती यंत्राच्या पडद्यावरील आकड्याने कधी दिली नव्हती.

साठवणीला गडद तपकिरी काचेची बाटली, पूर्ण कोरडी. प्लॅस्टिकला ही तेले हळूहळू खातात. बाटली देवघराच्या खिडकीत नको, ऊन आणि हवा लागून लव्हेंडर किंवा संत्र्याच्या तेलातील घटक बदलतात आणि तेच तेल पुढे त्वचेला सोसेनासे होते. एका वेळी शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त करत नाही, तीन महिन्यांत संपवतो, आणि मेणाच्या खडूसारखा किंवा जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की हळहळ न करता टाकून देतो, मात्र मोरीत नव्हे, रद्दी कागदात टिपून कचऱ्यात. तेल पुसायचे फडके वेगळे ठेवले आहे, सोडा घातलेल्या गरम पाण्यात ते धुतले नाही तर त्याचा वास घरभर पसरतो.

प्रत्येक बाटलीवर मी तारीख, घटक आणि टक्केवारी लिहितो. आईला ती बारीक अक्षरे दिसत नाहीत, म्हणून तिने स्वतःची पद्धत काढली आहे. गुडघ्याच्या तेलाला लाल दोरा, डोक्याच्या तेलाला पांढरा आणि सुनेच्या तेलाला हिरवा. लाल दोऱ्याच्या बाटलीत आता दोन बोटे तेल उरले आहे, त्यामुळे शनिवारी घाण्यावर जायचे आहे.